कडी चुकीच्या दाराला

लहानपणी आमच्या घरात एक ताकीद ठरलेली होती: अनोळखी माणसाकडून खाऊ घ्यायचा नाही. आता मी बाप झालोय आणि तेच वाक्य माझ्या तोंडून निघतं. पण या भागाची तयारी करताना वाटलं, आपण कडी लावतोय ती चुकीच्या दाराला.

चला, १८९० सालच्या कलकत्त्यात. फुलमणी दासी, वय दहा-अकरा वर्षं. तिच्याहून कितीतरी मोठ्या नवऱ्याने केलेल्या शरीरसंबंधात झालेल्या जखमेने ती दगावली. बलात्काराचा गुन्हा मात्र लागू झाला नाही. कारण १८६० च्या दंडसंहितेत संमतिवय होतं १० वर्षं, आणि फुलमणीने ते ओलांडलं होतं. नवऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली, बस.

मुंबईचे बेहरामजी मलबारी १८८४ पासून बालविवाहाविरुद्ध लिहीतच होते. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला आणि संमतिवय १२ वर आलं. त्यावरून पुण्यात केवढं रान उठलं! परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, म्हणून टिळक 'केसरी'तून विरोधात. आगरकर 'सुधारक'मधून बाजूने. भांडारकरांनी तर शास्त्राधारच काढून दाखवले. वाद शास्त्राचा झाला, सरकारच्या अधिकाराचा झाला. पण फुलमणीला धोका नेमका कुठून होता?

रस्त्यावरून नव्हता. ज्याच्या हाती तिला विश्वासाने सोपवलं, त्याच्याकडूनच होता. वयातलं आणि ताकदीतलं अंतर, बंद खोली, आणि 'घरातलं घरात राहू दे' ही शिकवण. जोखीम म्हणतात ती हीच. यात मुलाचा दोष कुठेच नाही.

आता ११६ वर्षं पुढे या. २००७ साली केंद्र सरकारने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्याहून जास्त, ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. त्यांत मुलगेही होते, जवळपास निम्मे. छळ करणाऱ्यांपैकी निम्मे लोक ओळखीचे किंवा विश्वासातले. आणि बहुतेक मुलं कुणाकडेच बोलली नव्हती.

१४ नोव्हेंबर २०१२ ला पोक्सो कायदा लागू झाला. वय १८, मुलगा-मुलगी भेद नाही. गुन्हेगार नातेवाईक, शिक्षक किंवा सांभाळणारा असेल तर शिक्षा जास्त. गुन्हा कळूनही गप्प बसणं, हासुद्धा गुन्हा. फुलमणीच्या घरातली शांतता कायद्याने मोडायला इतकी वर्षं लागली, मंडळी.

पण कायदा येतो तो घटना घडल्यावर. म्हणून मी घरातली ताकीद बदलली. पोरीला म्हटलं, "काका असो, मामा असो, सर असोत. नको वाटलं तर नाही म्हणायचं आणि येऊन मला सांगायचं. मी रागावणार नाही." नातेवाइकांना पापी द्यायची सक्तीही बंद केली. आणि मुलांसाठीचा १०९८ हा नंबर फ्रिजवर लिहून ठेवलाय.

तुमच्या घरातली ताकीद काय आहे? आज रात्री जेवताना जरा आठवून बघा.