वसईतील सरकारी फिर्याद

फौजदारी न्यायाच्या इतिहासात गुन्हा कोणी केला या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा प्रश्न फिर्याद कोणी करावयाची हा आहे. आणि पोर्तुगीज, मराठे व इंग्रज या तिन्ही राजवटींचे अंमल ज्या एका किल्ल्याच्या आसमंताने पाहिले, त्या वसईत या प्रश्नाचे उत्तर राजवटीगणिक बदलत गेले.

१५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगिजांच्या हवाली केली, आणि पुढे ‘ओव्हिदोर’ या हुद्द्याचा न्यायाधिकारी येथे बसू लागला. आरोप मांडणे हेच ज्याचे काम असा ‘प्रोमोतोर’ नावाचा अधिकारी मात्र गोव्याच्या धर्मन्यायासनात असे, आणि वसईचा मुलूखही त्याच न्यायासनाच्या कक्षेत येई. दमण येथे पकडलेला फ्रेंच वैद्य शार्ल देलाँ १६७४च्या प्रारंभी गोव्याकडे नेला जात असता काही दिवस वसईच्या बंदिशाळेत होता. सुटकेनंतर त्याने लिहिलेल्या वृत्तांतावरून कळते की, आपल्याविरुद्ध कोण बोलले हे आरोपीला सांगितले जात नसे; उलट आपला अपराध आपणच आठवून तो कबूल करावा, अशी त्याच्याकडून अपेक्षा केली जाई. अभियोक्त्याच्या हाती सत्ता आहे, परंतु त्या सत्तेला उत्तर देण्याची सोय आरोपीला नाही, अशा व्यवस्थेचे याहून भयंकर उदाहरण माझ्या वाचनात नाही.

मे १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला सर केला आणि शंकराजी केशव फडके यांच्याकडे सरसुभेदारी आली. मराठी अमलात सरकारतर्फे उभा राहणारा वकील असा नव्हताच. ज्याचे नुकसान झाले तो, किंवा त्याचा भाऊबंद, पाटलाकडे वा कमाविसदाराकडे फिर्याद नेई. गोत आणि पंच साक्षी घेत. आणि पंचायतीपुढील तंट्यांत जिंकणाऱ्याने ‘हरकी’ व हरणाऱ्याने ‘गुन्हेगारी’ सरकारात भरावी असा शिरस्ता होता. आज ज्या शब्दाने आपण गुन्ह्यांचा सुळसुळाट दर्शवितो, तो शब्द त्या काळी दंडाच्या रकमेचे नाव होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. या पद्धतीत आपुलकी होती, गावाच्या माहितीचा आधार होता. परंतु ज्याला गोत नाही, ज्याच्या मागे उभे राहणारे कोणी नाही, त्याची फिर्याद वेशीच्या आत येणे कठीण होते.

पेशवाईच्या अस्तानंतर मुंबई इलाख्यात १८२७ची एल्फिन्स्टनची संहिता आणि १८६२पासून भारतीय दंडसंहिता लागू झाली, आणि गुन्हा हा केवळ व्यक्तीविरुद्धचा नसून राज्याविरुद्धचा आहे ही कल्पना रुजली. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सरकारी अभियोक्ता नेमण्याची तरतूद ठेवली खरी; परंतु तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटपुढे खटला चालवीत तो बहुधा पोलीस प्रॉसिक्यूटरच. ज्याने तपासात भाग घेतला त्या अंमलदाराने खटला चालवू नये, एवढा निर्बंध कायद्यात होता. तथापि तपास करणारा आणि बाजू मांडणारा एकाच खात्याचे, एकाच वरिष्ठाला जबाबदार, ही स्थिती स्वातंत्र्यानंतरही राहिली. मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १९५८ साली ही गाठ सोडविण्याची शिफारस केली. १ एप्रिल १९७४पासून अमलात आलेल्या नव्या संहितेने पोलीस अधिकाऱ्याला सहायक सरकारी अभियोक्ता होण्यास अपात्र ठरविले, तरी महाराष्ट्रात जुन्या पोलीस प्रॉसिक्यूटरांनाच तो हुद्दा देऊन पोलीस खात्याच्याच ताब्यात ठेवण्यात आले. आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हा कुठे स्वतंत्र अभियोग विभागाची वाट मोकळी झाली. नाव बदलले, पण नियंत्रण बदलले नाही, अशी ही २१ वर्षे न्यायाच्या दृष्टीने मला अतिशय खेदाची वाटतात.

पोलिसांच्या कागदाकडे तटस्थपणे पाहण्याचे अभियोक्त्याचे हे स्वातंत्र्य वसईसारख्या ठिकाणी किती मोलाचे आहे, हे तेथील बोलींकडे पाहिले म्हणजे कळते. निर्मळ-भुईगावकडचा सामवेदी बागायतदार कादोडी बोलतो, त्याच्या शेजारचा वाडवळ वाडवळी बोलतो, अर्नाळ्याच्या कोळणीची बोली निराळी, पारोळच्या बाजूच्या वारली बाईची निराळी, आणि नालासोपाऱ्याच्या चाळीत पूर्वांचलातून आलेल्या कामगाराची भोजपुरी तर सर्वस्वी निराळी. या सर्वांचे जबाब पोलीस ठाण्यात एकाच साच्याच्या दफ्तरी मराठीत उतरतात. अशा जबाबावर साक्षीदाराची सही घ्यावयाची नाही असा कायदा आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु त्याच जबाबाचा उपयोग उलटतपासणीत साक्षीदाराला खोडून काढण्यासाठी करता येतो. जुलै १९९८पासून जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली, याने मोठी सोय झाली. पण प्रमाण मराठी आणि साक्षीदाराची बोली यांतील अंतर त्याने मिटत नाही. ‘धक्का दिला’ आणि ‘ढकलून दिले’ यांत साक्ष देणाऱ्या बाईला काही भेद दिसत नाही. कागदावर मात्र तो दिसतो, आणि बचावाचा वकील तो न्यायाधीशांच्या नजरेस आणतो. खरे बोलणारा माणूस असा केवळ अनुवादामुळे खोटा ठरू शकतो. आणि लोक त्याला फितूर म्हणून मोकळे होतात.

दरम्यान वसईचा पसाराही वाढत गेला: २००९ साली चार नगरपालिका व भोवतालची गावे मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली, २०११च्या जनगणनेत तिची वस्ती बारा लाखांवर गेली, १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला, आणि २०२०मध्ये मीरा-भाईंदर व वसई-विरार मिळून पोलीस आयुक्तालय स्थापन झाले. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत जिल्हा पातळीवरील अभियोग संचालनालयाचीही तरतूद आहे, आणि जबाब दृक्‌श्राव्य साधनाने नोंदविण्याची मुभा कायम आहे. ही मुभा वसईत जितकी उपयोगी पडेल तितकी क्वचितच कोठे पडेल.

तूर्त मात्र सारा भार अभियोक्त्यावर आहे. पोलीस ठाण्याचा पैरवी अंमलदार सकाळी कागद आणून ठेवतो, मुद्देमालाची यादी पडताळली जाते, आणि इजलास सुरू होण्यापूर्वीच्या थोड्या वेळात दोषारोपपत्र, पंचनामा आणि जबाब एकत्र वाचावे लागतात. सरतपासणी नीट होते, उलटतपासणीत जबाबातील तो एक शब्द पुढे येतो, साक्षीदार गोंधळून गप्प होते. आणि मग फेरतपासणीसाठी उठलेल्या अभियोक्त्याला, न्यायालयाच्या परवानगीने दुभाष्याला जवळ बोलावून, पोलिसांना तिने आपल्या बोलीत नेमके काय सांगितले होते हे तिला पुन्हा एकदा विचारावे लागते.