चाकरांस समज देण्याची शिवकालीन रीत

चिपळुणाजवळ हलवर्ण येथें छावणीस असलेल्या पागेचे जुमलेदार, हवालदार व कारकून यांस शिवछत्रपतींनीं पाठविलेलें पत्र अभ्यासकांच्या चांगल्या परिचयाचें आहे. १६७४ च्या राज्याभिषेकापूर्वीचें, पावसाळ्याच्या तोंडावर लिहिलेलें हें पत्र रयतेविषयींच्या कळवळ्याचा पुरावा म्हणून वारंवार पुढें केलें जातें, व तें योग्यच आहे. परंतु पत्र रयतेस लिहिलेलें नाहीं. तें चाकरांस लिहिलेलें आहे. धनी आपल्या चाकरांशीं कोणत्या रीतीनें बोलतो, या दृष्टीनें तें वाचिलें असतां कांहीं निराळेंच हातीं लागतें.

प्रसंग साधा आहे. पावसाळ्यासाठीं दाभोळ सुभ्यांतून दाणा, गवत वगैरे बेगमी करून ठेविली होती. ती पागेच्या लोकांनीं उन्हाळ्यांतच उधळूं नये, एवढेंच सांगावयाचें. केवळ हुकूम करावयाचा असता तर दोन ओळी पुरल्या असत्या. पत्रकर्ता तसें करीत नाहीं. तो परिणामांची सांखळी एकेक कडी उलगडून दाखवितो. बेगमी आतां संपविली, तर पावसाळ्यांत मिळणार नाहीं. घोडीं उपाशी मरतील. म्हणजे तीं तुम्हींच मारलीं असें होईल. मग तुम्ही कुणब्याच्या घरीं शिराल. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, फाटीं, भाजी. जे कुणबी कसेबसे टिकून आहेत तेही परागंदा होतील, व मोंगलांहूनही तुम्ही अधिक, असें त्यांस वाटेल. यास्तव रोजचा शिधा हिशेबानें घ्यावा. जें लागेल तें बाजारांतून विकत आणावें, त्यासाठींच पगाराची वांटणी दिलेली आहे.

विस्तवासंबंधींचा मजकूर तर एखाद्या घरच्या वडील माणसानें लिहावा तसा आहे. कोणी भलत्याच जागीं चूल पेटवील, कोणी तमाखूसाठीं आगटी नेईल, दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. गवताला आग लागली म्हणजे पागाही गेली. पुढें कितीही कुणब्यांचीं डोकीं मारलीं, कारकुनांस कितीही तंबी केली, तरी काडी मिळणार नाहीं. राज्य चालविणाऱ्या पुरुषाला उंदराची आठवण राहते, ही गोष्ट प्रस्तुत लेखकास मोठमोठ्या लढायांच्या वर्णनापेक्षां अधिक बोलकी वाटते. पत्रांत धाकही आहे. पण कारण आधीं सांगितलें आहे व धाक मागाहून घातला आहे.

समजुतीला मर्यादा होती, हें प्रभावळी सुभ्याच्या दोन पत्रांवरून दिसतें. १६७५ च्या जानेवारींत जिवाजी विनायक सुभेदारास गेलेलें पत्र जळजळीत आहे. पद्मदुर्गाच्या कामीं दौलतखान व दर्यासारंग यांच्या आरमारास नेमलेला पैका व गल्ला त्यानें पोंचविला नाहीं. तुम्ही हबशाकडून कांहीं घेतलें असेल, असा संशय सरळ बोलून दाखविला असून, ब्राह्मण म्हणून भीड धरली जाणार नाहीं, असेंही बजाविलें आहे. येथें शिकवण नाहीं, जाब आहे. जाणूनबुजून झालेल्या कसुरीला समज देऊन भागत नाहीं.

त्याच सुभ्यांत १६७६ च्या सप्टेंबरांत रामाजी अनंतास लिहितांना सूर अगदीं पालटतो. त्यानें इमानानें वागण्याची शपथ घेतली होती. तिची आठवण देऊन, रयतेच्या भाजीच्या देठावरही मन जाऊं देऊं नये, असें सांगितलें आहे. पण नुसती नीति सांगून पत्र थांबत नाहीं. गांवोगांव फिरावें, कुणबी गोळा करावे, ज्याच्यापाशीं माणूसबळ आहे पण बैल नाहींत त्यास बैलांकरितां रोख पैका द्यावा, पोटास दाणा द्यावा, आणि मुद्दलच तेवढें, वाढीदिढी न घेतां, त्याला झेपेल तसें हळूहळू उगवावें. याकरितां दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी मान्य आहे. नव्या कामगारास काम कसें करावें हें शिकवावयाचें व तें करण्यास लागणारा अधिकारही त्याच पत्रानें द्यावयाचा, असा हा प्रकार आहे. अधिकार न देतां केलेला उपदेश ऐकावयास गोड, पण सुभेदाराच्या हातीं त्यानें काय पडणार?

पुढें रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत हाच विषय नियमाच्या रूपानें येतो. गडावरच्या हवालदाराची बदली तीन वर्षांनीं, सरनौबताची चार वर्षांनीं, सबनीस व कारखाननीस यांची पांच वर्षांनीं करावी, असें तेथें ठरविलें आहे. हलवर्णच्या पत्रांत जो माणूस समोर बसवून बोलल्यासारखा दिसतो, तो येथें दिसत नाहीं. त्याच्या जागीं हुद्दा आणि मुदत आहे.