ओवी चर्चमध्ये गेली तेव्हा

जात्यावरची ओवी आपल्या ओळखीची आहे आणि ज्ञानदेवांचीही. पण चारशे वर्षांपूर्वी हीच ओवी गोव्याच्या चर्चमध्येही घुमत होती, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

कॅथलिक उपासनेत संगीत ही वरवरची सजावट नाही. मिस्सेतील स्तोत्रे हा विधीचाच भाग असतो. शतकानुशतके ती लॅटिनमध्ये गायिली गेली. ग्रेगोरियन गायन म्हणजे सर्वांची चाल एकच, तालाचे बंधन नाही आणि मुळात वाद्यांची साथही नाही. सूर मोठे गंभीर. पण शब्द सामान्य भाविकाला परके. गायकवृंदाने गावे आणि लोकांनी ऐकावे, अशीच बहुतेक ठिकाणी रीत पडली.

१५७९ साली थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला. साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती. ती जागा रिकामी होती. फादर स्टीफन्स मराठी शिकले आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ त्यांनी रचले. १६१६ साली ते राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. मिस्सा लॅटिनच राहिली. पण रविवारी आणि सणाच्या दिवशी लोक चर्चमध्ये जमून या ओव्या ऐकू लागले. त्याच शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद ओवीतच ‘योगसंग्राम’ लिहीत होते. ओवीने कुणाचाही धर्म विचारला नाही.

सत्तेने मात्र भाषा विचारली. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावी. ख्रिस्तपुराणाच्या त्या काळच्या आवृत्तीची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांमुळे. गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्या जपल्या, आणि १९०७ साली मंगळुरात तो पुन्हा छापला गेला.

पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला. ग्रेगोरियन गायनाचा मान त्यात कायम राहिला. पण लोकभाषेला वाट मिळाली, स्थानिक संगीतपरंपरांना आदर मिळाला आणि साऱ्या भाविकांनी उपासनेत भाग घ्यावा असा आग्रह धरला गेला. आज वसईत मिस्सा मराठीत होते, पेटी-तबल्याच्या साथीने मराठी गीतेही गायिली जातात.

ज्या भाषेत आई रागावते, त्याच भाषेत देवाला हाक मारावीशी वाटते. स्टीफन्स यांनी हे १६१६ साली ओळखले होते. चर्चला ते सर्वत्र मान्य करायला साडेतीनशे वर्षे लागली.