टोचणीचा ताप आणि बुडालेली मजुरी

साथींच्या इतिहासात डॉक्टरांची नावे आढळतात, अधिकाऱ्यांची आढळतात. साथीत ज्याची मजुरी बुडाली त्याचे नाव सहसा आढळत नाही. आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले, शिक्षणही फाटकावरच्या सभांतच झाले. त्यामुळे आमची नजर प्रथम त्या मजुरीकडे जाते.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढील काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून गेली. गिरण्यांना माणूस मिळेना, तेव्हा मालक रोजची मजुरी रोज मोजू लागले. एरवी महिन्याचा पगारही लांबणीवर टाकणारी हीच मंडळी! फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला आणि त्याच्या जोरावर घरे तपासणे, रोग्याला उचलून नेणे सुरू झाले. पुण्यात त्याची परिणती कशात झाली हे शाळकरी पोरही जाणते.

याच सुमारास ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन प्लेगची लस तयार करीत होते. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली आणि त्यांना ताप भरला. हा प्रसंग लोक कौतुकाने सांगतात, आणि कौतुक योग्यच आहे. परंतु शास्त्रज्ञाला ताप आला म्हणून त्याच्या घरची चूल विझत नाही. गोदीतल्या हमालाची विझते. लसीविषयी नाना कंड्या उठत, लोक तिला भीत, हे खरे. मात्र त्या साऱ्या भीतीला अज्ञान म्हणून मोकळे होणे आम्हांला पटत नाही.

1948 च्या राज्य विमा कायद्याने कारखान्यातील विमेदार कामगाराला आजारपणात पगाराचा काही भाग मिळण्याची सोय झाली. रोजंदारीचा शेतमजूर तिच्याबाहेरच राहिला.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. सप्टेंबर 2020 मध्ये, करोनाची पहिली लाट ओसरत असताना, जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी नंदुरबारला मिनिटाला 600 लिटर प्राणवायू देणारा प्रकल्प उभारला. पाऊस उघडल्याबरोबर छप्पर शाकारायला घेणारा माणूस विरळाच. पुढच्या एप्रिलात दिल्लीत लोक सिलिंडरसाठी वणवण करीत होते, तेव्हा ही तयारी इथे कामास आली.

यंत्र सरकारने बसविले. घरातली तयारी कोण करणार? त्याच एप्रिलात रनाळ्याला एका ओसरीवर, तोंडाला रुमाल बांधून, आम्ही दहाबारा जण अंतर राखून बसलो होतो. पंचेचाळिशी उलटलेल्यांना लस खुली झाली होती. एका मजुराने विचारले, "भाऊ, टोचल्यावर दोन दिवस ताप आला, तर त्या दोन दिवसांची मजुरी कोण देणार?" आमच्या पिशवीत लसीच्या माहितीची पत्रके होती. या प्रश्नाचे उत्तर त्यांत नव्हते.

बराच वेळ वाद झाला. अखेर ठरले की एका घरातील दोघांनी एकाच दिवशी टोचून घेऊ नये; प्रत्येकाने वीस रुपये डब्यात टाकावेत; जो तापाने पडेल त्याच्या घरी त्यातून पीठ-डाळ जावी. शिवाय प्रत्येक घरी मीठ-साखर बाजूला ठेवावी आणि रुग्णवाहिकेचा 108 हा क्रमांक भिंतीवर कोळशाने लिहावा. डब्याचा हिशेब एका म्हातारीकडे दिला, कारण तिच्याकडून उधार मागण्याची कोणाची छाती नव्हती.

पहिल्या दिवशी सातच माणसे लस घ्यायला आली. प्रश्न विचारणारा त्यांत नव्हता. तो पुढच्या आठवड्यात आला. बायकोला आणले नव्हते, तिची पाळी दोन दिवसांनी होती.