शिडीची भाषा

१९६० च्या दशकात मोटार कारखान्यातल्या मशीनचा मेंदू म्हणजे एक भलंमोठं कपाट असे. आत शेकडो रिले आणि वायरींचं जंगल. दार उघडं असेल तर थांब, अमुक काम झालं तरच तमुक सुरू कर, हे सगळे नियम त्या वायरींमध्येच बांधलेले. नवं मॉडेल आलं की नियम बदलायचे, म्हणजे वायरी सोडून पुन्हा बांधायच्या. एखादा रिले चिकटला, तर इलेक्ट्रिशियन तो शोधेपर्यंत लाइन ठप्प.

१९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने या कपाटांना पर्याय मागितला. कॉम्प्युटर होते की! पण ते एसीत बसणारे जावई. तेल, धूळ, हादरे त्यांना सोसवत नसत. मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या कंपनीत डिक मॉर्ली आणि त्याचे सहकारी नेमक्या अशाच यंत्राच्या मागे होते. कंपनीचा हा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून यंत्राचं नाव ०८४. त्याला पंखासुद्धा नव्हता. आज आपण ज्याला पीएलसी म्हणतो, त्याच्या पहिल्या यंत्रांपैकी हे एक.

पण खरी हुशारी डब्यात नव्हती, भाषेत होती. दोन उभ्या रेघा, मध्ये शिडीसारख्या पायऱ्या, पायऱ्यांवर स्विच आणि कॉइलच्या खुणा. रिलेचे नकाशे इलेक्ट्रिशियन वर्षानुवर्षं असेच वाचत होते. प्रोग्राम त्याच चित्रात लिहायचा ठरल्यामुळे त्यांचं ज्ञान एका रात्रीत भंगारात गेलं नाही.

हे आपोआप घडलं नाही. १९५२ मध्ये एमआयटीने कागदी टेपवरच्या आकड्यांनी चालणारं मिलिंग मशीन दाखवलं. त्यात सूचना कारागिराऐवजी ऑफिसातून येणार होत्या. कुशल कारागिराच्या हालचाली नोंदवून त्या पुन्हा करणारी दुसरी पद्धतही तेव्हा होती; ती मागे पडली. मॅनेजमेंटला कारागिराच्या हातातला ताबा हवा होता, म्हणून असं झालं, असं इतिहासकार डेव्हिड नोबल १९८४ च्या पुस्तकात म्हणतो. मला हे अर्धंच पटतं. विमानाच्या भागांचे वाकडेतिकडे आकार हाताने कापणं खरोखरच अवघड होतं. तरी त्याचा प्रश्न रास्त आहे.

शिडीमागेही कामगारांचा कळवळा नव्हता. लाइन थांबू नये, एवढाच हिशोब. वायरी बांधण्याचं काम गेलंच. पण बिघाड शोधणं इलेक्ट्रिशियनकडेच राहिलं. १९९३ च्या आंतरराष्ट्रीय मानकातही शिडीला जागा मिळाली, आणि कपाटातून हटलेल्या रिलेंच्या खुणा आजही स्क्रीनवर दिसतात.