टिळक, बाळ गंगाधर (नगरपालिका व कायदेमंडळ, १८९५–९७)

टिळक, बाळ गंगाधर (२३ जुलै १८५६ – १ ऑगस्ट १९२०). ‘केसरी’चे संपादक. मंडालेचे टिळक शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. पण त्याआधी ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळातही बसत होते, हे सहसा कुणी सांगत नाही. ही नोंद त्या काळाची.

‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे जानेवारी १८८१ मध्ये निघाली. पुढच्याच वर्षी कोल्हापूर संस्थानाबद्दलच्या मजकुरावरून झालेल्या बदनामीच्या खटल्यात टिळक आणि त्यांचे सहकारी आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. लिहिण्याची किंमत काय असते, हे टिळकांना सार्वजनिक पदावर जाण्याच्या कितीतरी आधी कळले होते.

१८९५ साली ते आधी नगरपालिकेत आणि मग कायदेमंडळात गेले. कायदेमंडळात त्यांना मध्य विभागातल्या लोकल बोर्डांनी पाठवले. हा विभाग घाटावरच्या जिल्ह्यांचा. कायदेमंडळांबाबतच्या १८९२ च्या कायद्यात ‘निवडणूक’ हा शब्दही नव्हता. बोर्डांनी नाव सुचवायचे आणि गव्हर्नरने नेमायचे. सदस्याला अंदाजपत्रकावर बोलता येई, प्रश्नही विचारता येत. पण उत्तरावर उपप्रश्न नाही आणि अंदाजपत्रकावर मतदान नाही. अशा सभागृहात टिळकांनी अंदाजपत्रकावर बोलताना सरकारचा वसूल किती वाढला आणि त्यातले रयतेच्या वाट्याला किती थोडे आले, याचा हिशेब मांडला.

सभागृहात अडलेले काम त्यांनी छापखान्यातून पुढे नेले. १८९६ चा दुष्काळ पडला. दुष्काळात सरकारने काय करायचे, हे सरकारच्याच फॅमिन कोडमध्ये लिहिलेले होते, पण ते इंग्रजीत. ‘केसरी’ने ते मराठीत गावोगाव पोचवले. पीक बुडाले असेल तर गुरेढोरे विकून सारा भरू नका, कायद्याने मिळते ती सूट मागा, असे शेतकऱ्यांना बजावले. पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसे हाच निरोप घेऊन फिरली, आणि मार्च १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. या नोंदीतले सर्वांत मोलाचे काम हेच. आमदाराने कायदा वाचावा आणि तो ज्याच्यासाठी केला त्याच्या हातात द्यावा, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

तेवढ्यात प्लेग आला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला (२०२० साली करोनात पुन्हा वापरला तोच). पुण्यात रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्लेग कमिटीपुढे नगरपालिका मागे पडली. सोजिर घराघरांत शिरू लागले. अनेक पुढारी शहर सोडून गेले, टिळक मात्र राहिले आणि हिंदू प्लेग रुग्णालयाच्या उभारणीत पडले.

त्याच वर्षी ते कायदेमंडळावर दुसऱ्यांदा निवडून आले, पण २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली आणि २७ जुलैला टिळकांना अटक झाली. खटला ‘केसरी’तल्या मजकुराबद्दल, राजद्रोहाच्या कलमाखाली होता. न्यायमूर्ती स्ट्रॅचींपुढच्या ज्यूरीत सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तीन हिंदी सदस्यांनी निर्दोष. शिक्षा दीड वर्षाची झाली. कायदेमंडळातली जागा सुटली.

टिळकांच्या सहकाऱ्यांपैकी ‘मराठा’त १८९६ साली आलेले न. चिं. केळकर पुढे पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. टिळक स्वतः कायदेमंडळात परतले नाहीत. एप्रिल १९२० मध्ये मात्र नव्या सुधारणांखालच्या निवडणुका लढवण्यासाठी त्यांनी काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढला. मतदान त्या वर्षअखेर झाले. तोवर टिळक गेले होते आणि काँग्रेसने निवडणुकांवर बहिष्कार घातला होता.