घोटीव कागद व कागद्यांची पडती

जुन्या दप्तरांचे रुमाल सोडतांना आम्ही अक्षर पाहतों, मिति पाहतों, शिक्का ताडून पाहतों. परंतु ज्या तावावर हें सर्व उमटलें तो करणाऱ्या कागद्याची विचारपूस सहसा करीत नाहीं. जुन्नर, दौलताबादेजवळील कागजीपुरा आणि पुण्याच्या कसब्यांतील कागदीपुरा हीं त्याचीं ठाणीं होत.

धंद्याचें भांडवल बेताचें. जुनीं गोणपाटें व चिंध्या चुन्यांत भिजवावयाच्या, पायानें चालणाऱ्या जड हातोड्याखालीं कुटावयाच्या, नदींत धुवावयाच्या व तो लगदा हौदांत कालवावयाचा. मग गवताच्या काड्यांच्या सांच्यानें एकेक ताव उचलून गिलाव्याच्या भिंतीस वाळत लावावयाचा. त्यावर खळ, आणि शेवटीं दगडाची घोटणी. ती नसल्यास बोरूची शाई फुटते, हें जुन्या पोथीची नक्कल करणारास सांगावयास नको.

१८१८ सालीं पेशवाई गेली व मोठें गिऱ्हाईक हरपलें. पुढें सर चार्ल्स वुड हे भारतमंत्री असतां (१८५९ ते १८६६) सरकारी कागद विलायतेंतून घेण्याचें धोरण ठरलें. इकडे तुरुंगांतूनहि हातकागद निघूं लागला. कैद्याच्या मजुरीशीं बिऱ्हाड चालविणाऱ्यानें भावांत झुंजावें तें कसें? एकोणिसाव्या शतकांतील रुमाल उजेडाकडे धरावे. काड्यांच्या बारीक रेघा मागें पडत जातात व विलायती जलचिन्हें पुढें येतात.

तरी कागदी एकाएकीं बुडाला नाहीं. वहीखात्यास टिकाऊ कागद मागणाऱ्या व्यापाऱ्यानें त्यास बरेच दिवस तारलें. लगदा स्वस्त पडावा म्हणून तो रद्दीहि घेई, आणि येथें आमच्या पोटांत गोळा उठतो. ज्या काळांत कागदी अडला त्याच काळांत कित्येक जुनीं घराणींहि अडलीं व माळ्यावरचे रुमाल वजनावर विकूं लागलीं. त्यांतील कांहीं कागदपत्र हौदांत पडून पुन्हां कोरे ताव झाले असावे, असा आमचा तर्क आहे. कागद्यास दोष देववत नाहीं. त्यास लिहिलेलें वाचावयाचें नव्हतें, दिवस काढावयाचे होते.

१९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला व १९४० सालीं पुण्यास हातकागद संस्था उभी राहिली, तेव्हां या कसबास पुन्हां आश्रय मिळाला. तोंपर्यंत बहुतेक भिंती रित्या झाल्या होत्या.

संग्राहकांस आमची विनंति इतकीच, कीं याद्या करतांना सांच्याच्या रेघा, घोटणी, तावाची लांबीरुंदी, आणि जलचिन्हांत साल असल्यास तें, यांचीहि नोंद करावी.